वाचकांचे प्रश्न : दस्ता खांद्याला बसतो का?

भात पोटरीत आलं की डुकरं खाली उतरतात, कपाटातल्या बंदुका बाहेर निघतात आणि आमच्याकडे पत्रांची रीघ लागते. या वेळच्या बहुतेक पत्रांचा विषय एकच आहे : बंदुकीच्या दस्त्याची, म्हणजे खांद्याला टेकवायच्या मागच्या लाकडी भागाची, लांबी. त्यामुळे हा अंक आम्ही त्यालाच दिला आहे.

आधी एक गोष्ट सांगायलाच हवी. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारीला बंदी आहे. शेतीची नासधूस करणाऱ्या रानडुकरावर बार काढायचा असला तरी वनखात्याची लेखी परवानगी आधी हातात असावी लागते. शेतीसंरक्षणाचा शस्त्रपरवाना म्हणजे ती परवानगी नव्हे. खाली सांगितलेलं प्रत्येक माप रिकाम्या बंदुकीवर घ्यायचं आहे. बंदूक मोडून उघडा, नळीत डोकावा, बोट घालून चाचपा आणि काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवून या.

प्रश्न : माझी उंची साडेपाच फूट. बारा बोअरची डबल बॅरल आहे. दुकानात दस्ता कोपराच्या खळगीत टेकवून बघितला, बोट चापापर्यंत बरोबर पोचलं. तरी चार बार काढले की दंडावर काळानिळा डाग पडतो आणि छर्रे खाली जातात. बंदूक सदोष आहे का? (देवगड)

बंदुकीत दोष नाही, दस्ता तुम्हाला लांब होतोय. दुकानात केलेल्या कोपराच्या चाचणीने फक्त कोपर ते बोट एवढंच अंतर कळतं. दस्ता मात्र खांदा आणि गाल यांच्यामध्ये बसवायचा असतो. मानेची लांबी, छातीची जाडी, खांद्याची ठेवण, गालाचं हाड, पंजाचा आकार यांतलं काहीच त्या चाचणीत येत नाही. दोन माणसांचे हात अगदी सारखे असले तरी आखूड मानेच्या माणसाला अर्धा इंच कमी दस्ता लागू शकतो.

दस्ता लांब झाला की उचलताना त्याचं बूड, म्हणजे मागचं टोक, काखेत अडतं. ते सोडवायला माणूस नकळत बंदूक बाहेरच्या बाजूला ढकलतो, आणि बूड खांद्याच्या खळगीत बसण्याऐवजी दंडाच्या स्नायूवर जाऊन बसतं. तुमचा डाग तिथला आहे. छर्रे खाली जाण्याचं कारणही तेच. दस्त्याची वरची कड पुढे उंच आणि मागे उतरती असते. साध्या बंदुकीत नळीच्या रेषेपासून ती पुढच्या टोकाला सुमारे दीड इंच आणि बुडाशी सव्वादोन ते अडीच इंच खाली असते. दस्ता लांब असला की गाल कडेच्या मागच्या, सखल भागावर टेकतो आणि डोळाही खाली येतो. नळीच्या टोकाला नेम धरायचा मणी, म्हणजे माशी, असते, पण बंदुकीवर मागची माशी नसते, तुमचा डोळाच मागची माशी असतो. डोळा जेमतेम सव्वा मिलिमीटर खाली आला तरी ३५-४० मीटरवर छर्ऱ्यांचा घोस सुमारे पाच सेंटिमीटर खाली जातो.

आता माप घ्या. चापाच्या मधोमध, जिथे बोटाचं पेर टेकतं तिथून, बुडाच्या मध्यापर्यंत सरळ रेषेत टेप धरा. दोन चापांच्या बंदुकीत पुढच्या चापापासून मोजायचं. मागच्या चापापासून मोजलं तर आकडा साधारण इंचभर कमी येतो, आणि मग "माझी बंदूक आखूड आहे" असा गैरसमज होतो. चापापासून बुडाच्या वरच्या आणि खालच्या कोपऱ्यापर्यंतची मापंही लिहून ठेवा, ती पुढे लागतील. कारखान्यातून येणाऱ्या बारा बोअरचं मधलं माप बहुधा चौदा ते साडेचौदा इंच असतं. रायफलचं साडेतेराच्या आसपास असतं, कारण रायफल धरताना छाती निशाणाकडे जास्त वळलेली असते आणि डोळा पुढे यावा लागतो.

तुम्ही पत्रात माप पावणेपंधरा इंच आणि मागे इंचभर जाड रबरी पॅड असल्याचं लिहिलं आहे. म्हणजे लाकूड पावणेचौदाच इंच आहे, पॅड आधीच्या मालकाने त्याच्या अंगाला बसेल असं लावलेलं दिसतं. करवतीला हात लावायची काही गरज नाही. पॅडचे दोन स्क्रू काढा. बुडाच्या आकाराचे, दोन सूत जाडीच्या प्लायवूडचे (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) दोन तुकडे कापून, एकावर एक ठेवून, चिकटपट्टीने घट्ट बांधा. माप सव्वाचौदा होईल. ही जोडणी फक्त बंदूक खांद्याला लावून बघण्यापुरती आहे, तिच्यावर बार काढू नका.

मग भिंतीवर डोळ्याच्या उंचीला एक खूण करा. बंदूक कमरेपाशी धरून उभे राहा, डोळे मिटा आणि नेहमीच्या चालीने बंदूक वर आणा. आधी गाल, मग खांदा. आता डोळे उघडा. माशी नळीवरच्या पट्टीच्या मधोमध आणि पट्टीचा थोडासाच भाग दिसला पाहिजे. नाक आणि मुठीवरचा अंगठा यांच्यामध्ये दोन ते तीन बोटं मावली पाहिजेत. हे एकदा करून थांबू नका, वीस-पंचवीस वेळा करा. पहिल्या दोन-तीन वेळा माणूस स्वतःला बंदुकीत बसवून घेतो. हात थकू लागला की खरं काय ते दिसतं. दहात तीन वेळा बूड कपड्यात अडकलं तर आणखी एक सूत कमी करून बघा. माप ठरलं की त्याच जाडीची पातळ पट्टी किंवा पॅड कायमचं लावून घ्या.

प्रश्न : आमच्याकडची बंदूक पूर्वी कुणीतरी कापून घेतलेली आहे. बार काढला की अंगठा नाकावर आदळतो आणि चापाचं कडं मधल्या बोटाला लागतं. कापलेलं लाकूड परत जोडता येतं का? (गुहागर)

येतं. पण आधी किती जोडायचं ते ठरवा. बुडावर चढवायचा रबरी मोजा मिळतो, तो अर्ध्यापासून इंचभर लांबी वाढवतो. तो चढवून आठवडाभर वर सांगितलेली उजळणी करा. तेवढ्यात नाकावरचा मार थांबण्याइतकं अंतर पडलं तर कायमचं काम करा. पाव इंच हवं असेल तर पॅडच्या खाली काळ्या एबोनाइटची (कडक रबराची) चकती पुरते. इंचापर्यंत हवं असेल तर जाड पॅड लावा. त्याहून जास्त हवं असेल तर लाकडाचा तुकडा जोडावा लागतो.

तुकडा अक्रोडाचा मिळाला तर उत्तम. रंग जुळत नसेल तर जुळवायचा अट्टहास करू नका, शिसवीचा काळसर तुकडा जास्त शोभतो. आपल्याकडे साग सहज मिळतो म्हणून सागाचा तुकडा लावला जातो, आणि दोन पावसाळ्यांत सांधा उघडतो. साग तेलकट असल्यामुळे त्यावर सरस धरत नाही. सागच वापरायचा असेल तर चिकटवण्याच्या जरा आधी पृष्ठभाग थिनरने पुसून घ्या, इपॉक्सी वापरा आणि आत दोन लाकडी खुंट्या घाला.

मधल्या बोटाचा मार मात्र दरवेळी आखूड दस्त्यामुळेच असतो असं नाही. मूठ सैल धरली तरी धक्क्याबरोबर बंदूक हातातून मागे सरकते. लांबी वाढवूनही बोट दुखत राहिलं तर पकड तपासा.

रेनकोटचाही विचार करा. एक जाड थर अंगावर चढला की दस्ता एक-दोन सुतांनी लांब झाल्यासारखा लागतो. तुम्ही बहुतेक वेळा साध्या सदऱ्यात बंदूक धरणार असाल तर सदऱ्यावरच माप घ्या. मचाणावर बसून धरणार असाल तर बसूनही बघा. बसल्यावर छाती पुढे वळते आणि उभ्याने बरोबर वाटणारा दस्ता दोन सूत जास्त वाटतो. अशा वेळी दोन्हींच्या मधलं माप आम्ही सुचवतो. दोन सूत आखूड असलेली बंदूक सांभाळून घेता येते, काखेत अडकणारी नाही.

प्रश्न : वडिलांची बंदूक रीतसर माझ्या परवान्यावर आली आहे. उंची पाच फूट दोन इंच. लांबी कमी करून घेतली, नाक-अंगठ्यातलं अंतरही बरोबर आहे, पण बुडाचा खालचा कोपरा छातीत रुततो. अजून कापायचा का? (कुडाळ)

नाही, लांबी आता सोडून द्या. तुमची अडचण बुडाच्या तिरपेपणाची आहे. बूड खांद्यावर सपाट टेकलं तर धक्का तळहाताएवढ्या जागेवर पसरतो. फक्त खालचा कोपरा टेकला तर तोच धक्का दोन बोटांच्या जागेवर बसतो. बायकांच्या बाबतीत हे फार वेळा होतं आणि दोष निष्कारण लांबीला किंवा "बाईमाणसाला झेपत नाही" या समजुतीला दिला जातो.

बंदूक बुडावर उभी करा. बूड फरशीला पूर्ण टेकलेलं आणि नळीची मागची बाजू, जिथे काडतूस जातं तिथली, भिंतीला लागलेली हवी. आता नळीचं तोंड भिंतीपासून किती लांब आहे ते बघा. २८ इंची नळीला हे अंतर साधारण दीड-दोन इंच असतं. तुमच्या बंदुकीत ते जवळजवळ शून्य निघेल असा आमचा अंदाज आहे. कापणाऱ्याने बूड काटकोनात कापलं की असं होतं.

उपाय स्वस्त आहे. पॅडचा वरचा स्क्रू सैल करून त्याच्यामागे दोन मिलिमीटरचा वायसर घाला आणि पुन्हा आवळा. वरचा कोपरा थोडा मागे येतो, खालचा त्या मानाने आत जातो. पुन्हा भिंतीशी मोजा, पुन्हा खांद्याला लावा. बरं वाटलं तर त्याच उताराची पाचर करून पॅडखाली बसवून घ्या, नुसत्या वायसरवर ठेवू नका. फटीत पाणी शिरतं. सोबत पॅडचा खालचा कोपरा घासून गोल करून घ्या आणि किंचित बाहेरच्या, म्हणजे काखेच्या बाजूला वळवून घ्या. पॅडचा वरचा कोपराही गोल आणि गुळगुळीत हवा. घामेजलेल्या सुती कपड्याला कोरं रबर चिकटतं आणि दस्ता अर्ध्यावर अडकतो. त्या कोपऱ्यावर चामड्याची पट्टी लावली तर तो सरसर वर येतो.

प्रश्न : दस्ता अर्धा इंच कमी करायचा आहे. गावचा सुतार हुशार आहे, होड्यांचं काम करतो. त्याच्याकडे बंदूक दिली तर चालेल का? (लांजा)

सुताराच्या हातात कसब असेल, पण बंदुकीची दुरुस्ती करायला शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो. बंदूक त्याच्याकडे ठेवून आलात तर तुम्ही दोघेही अडचणीत याल. परवानाधारक बंदूक-दुरुस्तीवाल्याकडेच जा आणि पावती घ्या. नळी आखूड करण्याचा विषय कुणी काढला तर तिथेच थांबवा. तो स्वतंत्र आणि गंभीर गुन्हा आहे.

मात्र काम कसं व्हायला हवं हे तुम्हाला माहीत पाहिजे, कारण कापलेला दस्ता उगवत नाही. सगळ्यात जास्त चूक हिशेबात होते. समजा आत्ताची लांबी साडेचौदा इंच आहे, मागे एक सूत जाडीची पट्टी आहे आणि तुम्हाला चौदा इंच हवे आहेत. पट्टी काढली की लाकूड चौदा इंच तीन सूत राहतं. नवं पॅड पाऊण इंची घेतलंत, तर लाकूड सव्वातेरा इंच उरायला हवं. म्हणजे कापायचं नऊ सूत, सव्वा इंचाला एक सूत कमी. "अर्धा इंच कमी करायचाय" म्हणून अर्धाच इंच कापला आणि पाऊण इंची पॅड बसवलं, तर बंदूक आधीपेक्षा एक सूत लांब होऊन घरी येते! म्हणून पॅड आधी विकत घ्या, जाडी मोजा, मग कापाची रेघ ठरवा.

लाकडाच्या आत काय आहे तेही बघायला सांगा. नळ्या एकावर एक असलेल्या बंदुकांत आणि पंप-अॅक्शनमध्ये (पुढची मूठ मागे-पुढे सरकवून भरायच्या बंदुकीत) दस्ता बहुधा आरपार लांब बोल्टने धरलेला असतो, त्याचं भोक बुडात उघडतं. कापल्यावर ते भोक उथळ होतं आणि पॅडच्या स्क्रूंच्या जागेत येऊ शकतं. नळ्या शेजारी-शेजारी असलेल्या जुन्या बंदुकांत दस्ता बहुधा मुठीजवळच्या स्क्रूंवर असतो, तिथे हा प्रश्न येत नाही.

कापताना दस्ता बंदुकीपासून सुटा केलेला असावा. रेघेभोवती कागदी चिकटपट्टी गुंडाळायची, पट्टीवर रेघ मारायची आणि धारदार सुरीने रेघेवरून लाकूड चौफेर चिरून घ्यायचं. हे चिरणं वगळलं की करवत बाहेर पडते त्या बाजूला, विशेषतः खालच्या कोपऱ्यात, लाकडाची ढलपी उडते. तिथे रेषा आडव्या जातात आणि लाकूड सगळ्यात कच्चं असतं. बारीक दाताची करवत घ्यायची, रेघेच्या बाहेरून कापायचं, अर्धा सूत लाकूड शिल्लक ठेवायचं आणि सपाट फळीवर पॉलिश पेपर चिकटवून त्यावर घासत रेघेपर्यंत यायचं. जुन्या बुडाचा तिरपेपणा आधी कोनमापीने उतरवून घेतला नसेल तर कुडाळच्या ताईंना झाला तोच त्रास तुम्हाला होईल.

कापल्यावर बूड आधीपेक्षा थोडं अरुंद होतं. पॅडच्या कडा बाहेर येतात, त्या लाकडाला बरोबर लावून घासाव्या लागतात. स्क्रूची जुनी भोकं नव्या पॅडला जुळत नाहीत; त्यात लाकडी खुंटी इपॉक्सीने बसवून नवी भोकं पाडायची. आमच्या खाऱ्या हवेत साधा लोखंडी स्क्रू वर्षभरात गंजून बसतो आणि काढताना डोकं तुटतं. पितळी किंवा स्टेनलेस स्क्रू, आट्यांना मेण लावून, असेच मागा. मागचं लाकूड गेल्यामुळे बंदूक नळीकडे जड वाटू लागेल. फारच वाटली तर पॅडखाली भोक पाडून त्यात शिशाचा तुकडा घट्ट बसवतात, पण आधी महिनाभर तशीच वापरून बघा, हात सवयीने जुळवून घेतो.

प्रश्न : रायफलवर दुर्बीण बसवली. दोनदा भुवईवर खोक पडली. दस्ता आखूड म्हणून होतंय का? (सावंतवाडी)

होऊ शकतं, पण दस्त्याआधी दुर्बिणीची जागा तपासा. साध्या रायफल-दुर्बिणीपासून डोळा ७५ ते ९० मिलिमीटर दूर असावा लागतो. दस्ता आखूड असला की चेहरा पुढे सरकतो आणि धक्क्यात दुर्बिणीची कड भुवईला चंद्रकोरीसारखी कापते. क्रम असा ठेवा : आधी दस्त्याची लांबी पक्की करा, मग डोळे मिटून रायफल खांद्याला लावा, डोळे उघडल्यावर काळी कड न येता पूर्ण गोल दिसेपर्यंत दुर्बीण कड्यांमध्ये पुढे-मागे सरकवा आणि मग आवळा. दुर्बिणीला जुळवून घ्यायला मान ताणायची किंवा आखडायची नाही.

तुमची रायफल ली-एनफिल्ड या जुन्या ब्रिटिश लष्करी घराण्यातली असेल तर एक सोय आहे. त्या रायफलींचे दस्ते वेगवेगळ्या लांबीत बनत. नेहमीच्या मापापेक्षा अर्धा इंच लांब, अर्धा इंच आखूड आणि एक इंच आखूड असे त्यांचे प्रकार होते. त्यामुळे कापण्याआधी दुरुस्तीवाल्याकडे दुसरा दस्ता मिळतो का ते विचारा. यांतल्या जुन्या बांधणीत दस्त्याचा बोल्ट फिरवण्याआधी पुढचं लाकूड उतरवावंच लागतं. बोल्टचं चौकोनी टोक त्या लाकडात अडकलेलं असतं. तसंच फिरवलं तर पुढचं लाकूड चिरतं.

प्रश्न : पावसाळ्यात लाकूड फुगून दस्त्याची लांबी बदलते का? आम्ही लाकडाला खोबरेल लावतो. (दापोली)

लांबी बदलत नाही. लाकूड ओल पिऊन आडवं फुगतं, रेषांच्या दिशेने जवळजवळ नाहीच. ओलीचा फटका बसतो तो लाकूड आणि लोखंड जिथे भिडतात तिथे. मुठीच्या मागे केसासारखी चीर दिसते आणि पुढे धक्क्यागणिक वाढते. ओल शिरते मुख्यतः उघड्या टोकातून, म्हणजे पॅडखालच्या कापलेल्या बुडातून. बाहेरून चकाकणाऱ्या दस्त्याचं बूड आत कोरडंठाक, बिनरंगाचं असतं. पॅड काढून बघा. तसंच असेल तर पातळ केलेल्या पॉलियुरेथेन वार्निशचे तीन हात द्या. पहिला हात लाकूड पूर्ण पिऊन टाकतं, म्हणून एकावर थांबू नका. प्रत्येक हात पूर्ण वाळू द्या.

खोबरेल बंद करा. ते कधी सुकत नाही, लाकडात खवट होऊन राहतं आणि धूळ धरतं. उकळलेलं जवसाचं तेल सुकून थर धरतं. फडक्याने अगदी पातळ लावायचं, पंधरा मिनिटांनी उरलेलं पुसून घ्यायचं आणि दोन दिवस वाळवायचं. तेलाचं फडकं चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, ते आपोआप तापून पेट घेतं. पसरून वाळवा किंवा पाण्यात भिजवा. होड्यांना लावतात ते काजूच्या टरफलाचं तेल दस्त्याला लावायचा सल्ला काही जण देतात. त्याने कातडी भाजते, आणि दस्त्यावर गाल टेकायचा असतो. ते मुळीच लावू नका.

नळी-यंत्राला तेल दिल्यावर बंदूक लगेच बुडावर उभी ठेवू नका. तेल झिरपत मुठीच्या लाकडात उतरतं, लाकूड काळं आणि मऊ पडतं, आणि धक्का सोसणारी नेमकी तीच जागा निकामी होते. रात्रभर नळीचं तोंड खाली करून, खाली जुनं फडकं अंथरून ठेवा आणि सकाळी पुसून कपाटात लावा.